दुर्गावहिनीनं ऐकलेला सिनेमा

संध्याकाळच्या बसचा कंडक्टर यवतमाळच्या आमच्या गल्लीत यायचं काही कारण नव्हतं. बस स्टँडवर उभी केली, पांढरकवड्याची माणसं उतरली की तो समोरच्या हॉटेलात चहाला जातो. त्या दिवशी तो गळ्यातली चामड्याची पिशवीही न काढता माझ्या दारात उभा राहिला, तेव्हाच मी ओळखलं की निरोप चांगला नाही. "बाई, तुमच्या दादानं सांगाले लावलं. दुर्गाबाई दुपारी गेल्या." एवढं बोलून तो पाणीही न घेता परत फिरला. घरात माझा रेडिओ चालू होता. नागपूर स्टेशनवर कोणीतरी बाई गात होती, तिला या बातमीचं काय... मी बंद करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. वहिनी असती तर म्हणाली असती, "चालू गानं मधातच बंद करू नका, कुसुमबाई. कोणी ऐकत असंन." ते गाणं संपेपर्यंत मी उभीच राहिले. मग रडले.

आता महिना उलटून गेला आहे. वहिनीबद्दल लिही, असं इथल्या मैत्रिणी म्हणतात, आणि लिहायला बसले की मला हसूच येतं. त्याला माझा इलाज नाही. तिच्या आठवणीच तशा आहेत.

दुर्गावहिनी घाटंजीकडच्या एका खेड्यातून पांढरकवड्याला आमच्या घरी आली तेव्हा मी मॅट्रिकला होते. नणंद म्हणून तिच्यावर रुबाब करायची माझी फार इच्छा होती, पण तिनं मला ती संधीच दिली नाही. तिला गाण्याचं वेड होतं. वेड म्हणजे, तिच्या माहेरी पेटी-तबला सोडा, साधी टाळांची जोडीही नव्हती. घरात नाही ते बाहेरून आणायचं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक. कोणत्या गावात कोणत्या तिथीला लग्न आहे आणि तिथे भोंगा कोणत्या झाडावर बांधणार, हे तिला नवरीच्या आईच्या आधी कळायचं. होळीला बंजाऱ्यांच्या तांड्यावर लेंगी गाणी सुरू झाली की ही अंगणात झाडू हातात धरून नुसतीच उभी. पांढरकवड्यात आल्यावर आठवड्याच्या आतच आमच्या आडाचं पाणी मचूळ लागतं असं तिनं जाहीर केलं आणि कापसाच्या जिनजवळच्या लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागली. माय खूश झाली, सून कष्टाळू निघाली म्हणून. जिनच्या मालकाच्या माडीवर रेडिओ होता आणि तो नेमका त्याच वेळी लागायचा, हे मी एकदा बरोबर गेले तेव्हा मला कळलं. विहिरीवर दोन्ही घागरी भरून तयार, आणि ही काठावर डोळे मिटून बसलेली. "वहिनी, पानी मचूळ हाय का गोड?" मी विचारलं. डोळे न उघडता ती म्हणाली, "थांबा जरासक. दुसरं कडवं लागलं."

आमच्या घराची मागची भिंत म्हणजे कमरेइतक्या उंचीचा दगडी गडगा. त्याच्या पलीकडे गल्ली आणि गल्लीपलीकडे मोकळं मैदान. दरवर्षी कापसाचा हंगाम आटोपला की त्या मैदानात सिनेमाचा तंबू लागे. दिवेलागणीला तेलाचं इंजिन सुरू होई, तिकिटाच्या खिडकीवरचा भोंगा गाणी लावी, आणि अर्धं पांढरकवडा तिकडे चालू लागे. आमच्या घरच्या बायका मात्र जात नसत. मायचा दंडक होता. अंधारात, परक्या माणसांत, तोंड वर करून बसायचं हे तिला मान्य नव्हतं, आणि तिच्यापुढे दादाचंही चालत नसे. वहिनीनं यावर वाद घातला नाही. पहिल्याच वर्षी ती परसातल्या ओट्यावर गोणपाट टाकून बसली. माय म्हणाली, "हे काय चालू हाय?" वहिनी म्हणाली, "मामी, तंबूत जाऊ नको म्हटलं तुमी. ऐकू नको असं कुठं म्हटलं?" काही दिवसांनी मायच वाती वळायला ओट्यावर येऊन बसू लागली, तिथे वारा चांगला येतो म्हणून.

मग शेजारच्या आल्या, त्यांच्या शेजारच्या आल्या. तुरीच्या शेंगा उकडून आणायच्या, पण गाणं लागलं की शेंग फोडायची नाही, हा नियम. कनातीतून गाणी स्वच्छ ऐकू येत. बोलणं मात्र वाऱ्याच्या मर्जीवर. वारा इंजिनाकडून आला की नुसती धडधड, आणि त्यात ते सगळं हिंदीत. जे तुटक ऐकू येई त्याचं चित्र करून सांगायचं काम वहिनीचं. डोळे मिटून ती सांगायची, "आता थे जिना उतरून राह्यली... हातात दिवा हाय... खाली थो उभा हाय, पन त्याले मान वर कराची हिंमत नाही." आम्ही अंधारात समोरच्या दगडी भिंतीकडे बघत बसायचो आणि आम्हाला जिना दिसायचा. मी पुढे यवतमाळला शिकायला आले तेव्हा पुष्कळ सिनेमे खुर्चीत बसून पाहिले. त्या भिंतीवर दिसायचं तसं कुठे दिसलं नाही.

या बायकांत सक्रीयाडी होती. तांड्यावरची, पण दिराचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला होतं, तिथे राहायची. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि ती सगळ्या गल्लीची याडी झाली होती. एके काळी तिच्या हातचं आरशांचं भरतकाम लोक बघायला येत. पुढे डोळे गेले. दिवेलागणीला आमच्या गडग्यावर हात टेकत टेकत ती यायची आणि ओट्याच्या खांबाला टेकून बसायची. तिचा एकुलता एक मुलगा थावरा मिसरूड फुटायच्या वयात हैदराबादच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला तो परत आला नव्हता. कोणी म्हणे निजामाबादला आहे, कोणी म्हणे मद्रासकडे गेला. याडी कोणाला काही विचारत नसे. नुसती ऐकत बसायची.

एका वर्षी एक सिनेमा आला आणि तो हलेचना. सगळ्यांना इतका आवडला की तंबूवाल्यानं महिनाभर दुसरा आणलाच नाही. आमच्या ओट्यावर त्याची गोष्ट अशी ठरली होती. एक फार गोड आवाजाचा माणूस. कधी चढ्या सुरात बोलणार नाही, मुलीच्या बापाशी अदबीनं, मुलीशी तर लोण्यासारखं. तो हिरो. सगळी गाणी आम्ही त्याच्याच नावावर टाकली होती. दुसरा एक घोगऱ्या आवाजाचा, सारखा ओरडणारा, हाणामारी करणारा. तो दुष्ट. शेवटी गोळी सुटायची, मग मुलीचं रडणं. म्हणजे ओरडणाऱ्यानं आमच्या हिरोला मारलं, हे उघडच होतं. बायका पदरानं डोळे पुसत घरी जायच्या.

पहिल्या दिवशी तो गोड आवाज ऐकला तेव्हा सक्रीयाडीनं वहिनीचा हात धरला होता. "दुर्गा, हा माह्या थावराचा आवाज हाय व. असाच बोले थो. हळू." त्या दिवसापासून याडी एक दिवसही चुकली नाही. पण शेवटपर्यंत कधी थांबली नाही. गोळीच्या आधी नुसत्या वाद्यांचं एक लांब वाजवणं होतं, ते सुरू झालं की ती उठायची आणि गडग्यावर हात टेकत निघून जायची. तिची पावलं गल्लीच्या टोकाला पोचली की मागे गोळी वाजायची. वहिनी तेवढा वेळ गल्लीकडे बघत असायची.

वहिनीची गोष्ट बाजारातही पोचली होती. भाजी घेता घेता ती सांगायची आणि बायका टोपली खाली ठेवून ऐकायच्या. त्यातल्या काही जणी, ज्यांच्या घरी मायसारखी सासू नव्हती, तिकीट काढून तंबूत गेल्या... आणि भांडतच बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी तंबूचा मॅनेजर आमच्या दारात. तोंडात पान, हातात टोपी, बिचारा घामाघूम. "वहिनीसाहेब, तुम्ही काय सांगितलं हो या बायकांना? म्हणतात, मॅनेजरनं रीळ बदललं. दुर्गाबाईचा सिनेमा वेगळा आहे, तो दाखव. आता तुमचा सिनेमा मी कुठून आणू?" तिकीट-बिकीट काही नको, एकदा स्वतः येऊन बघा आणि मला या बायकांपासून सोडवा, असं तो हात जोडून म्हणाला.

मी पोट धरून हसत होते. वहिनीचा चेहरा मात्र उतरला होता. बाजारातल्या बायका काय म्हणतात ते तिनं ऐकलं होतं. तो गोड आवाजाचा माणूस तसा नाही, असं काहीतरी. ते गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार होता? संध्याकाळी याडी आली ती खांबाला टेकलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाया काहीबाही बोलून राह्यल्या, दुर्गा. मी कान बंद करून घेतले. तू पाहून ये. तू सांगशीन थेच मी मानीन."

दोन दिवसांनी माय दादाला म्हणाली, "घेऊन जा बाप्पा तिले. कुसुमलेही ने. काय थे एकदाचं पाहून येऊ दे." आमच्या घराण्याचा दंडक असा एका आंधळ्या म्हातारीसाठी मोडला.

तंबूत बायकांच्या बाजूला आम्ही दोघी बसलो. गाणं लागलं की वहिनी सवयीनं डोळे मिटायची, मी कोपरानं ढोसून उघडायला लावायची. मग तो आवाज आला. तोच, हळू, अदबीचा. पडद्यावर बारीक मिशीचा, रेशमी कोटातला एक माणूस मुलीच्या म्हाताऱ्या बापाचा अंगठा कसल्याशा कागदावर उमटवून घेत होता आणि गोड गोड बोलत होता. वहिनीनं माझ्याकडे वळून विचारलं, "कुसुमबाई, हा कोन?" मी म्हटलं, "हाच थो." ओरडणारा जो होता तो त्या म्हाताऱ्यासाठी ओरडत होता, गाणीही सगळी त्याचीच होती. गोळी सुटली ती रेशमी कोटाला लागली. मुलगी रडली ती सुटल्याच्या आनंदानं. तंबूत लोक टाळ्या वाजवत होते आणि वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

येताना दादा बॅटरी घेऊन पुढे, आम्ही मागे. वहिनीनं विचारलं, "तुमी पाह्यला होता हा?"

"पहिल्याच दिवशी," दादा म्हणाला.

"मंग सांगतलं काहून नाही? महिनाभर आमी चुकीच्या मानसासाठी रडून राह्यलो."

दादा मुळात कमी बोलणारा. गल्ली वळल्यावर म्हणाला, "तुमचं चांगलं चालू होतं." आणि दार उघडता उघडता, "आन् थे बुढी रोज येत होती."

त्या रात्री वहिनी जेवली नाही. खरं सांगावं तर म्हातारीचा रोजचा आवाज जातो. खोटं सांगावं तर म्हातारीनं तिच्यावर टाकलेला विश्वास जातो, आणि खोटं बोलणं वहिनीला जमतही नसे. मचूळ पाण्याची गोष्ट तिनं पुढे स्वतःच मायला सांगून टाकली होती. मी तिला बरेच सल्ले दिले, मॅट्रिक झालेली होते ना. तिनं एकही ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी ओटा भरून गेला होता. इंजिन सुरू झालं, भोंगा वाजला आणि बंद झाला. याडी खांबाला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. वहिनी तिच्याजवळ सरकून बसली.

"पाह्यलं, याडी."

"कसा हाय थो?"

वहिनी म्हणाली, "आवाज त्याचाच हाय. पन सिनेमावाल्यायनं मानूस दुसराच उभा केला. बारीक मिश्यावाला, रेशमी कोटातला. त्या आवाजाचा नाही थो. पाह्यलं की समजते."

ओट्यावर कोणी शेंग फोडली नाही. मग याडी म्हणाली, "आन् गोळी? गोळी कोनाले लागते, दुर्गा?"

"कोटवाल्याले."

"आवाजाले नाही?"

"आवाजाले कशी लागंन, याडी?"

त्या संध्याकाळी ते लांब वाजवणं सुरू झालं आणि आम्ही सगळ्या याडीकडे बघू लागलो. ती उठली नाही. गोळी वाजली तेव्हा तिचे खांदे किंचित हलले, बस. शेवटचं गाणं संपेपर्यंत ती बसली, आणि मग सगळ्यांच्या बरोबर उठून, गडग्यावर हात टेकत, शेजारणीशी काहीतरी बोलत घरी गेली. माय वाती गोळा करत होती. तिनं ताट वाढून वहिनीसमोर ठेवलं.

दोन वर्षांनी ऐन होळीत थावरा परत आला. ट्रक घेऊनच आला, ड्रायव्हर होऊन. चांगला धिप्पाड गडी, पण विड्यांनी आणि रस्त्याच्या धुळीनं आवाजाचं पार खोबरं झालेलं. "याडी" म्हणून त्यानं हाक मारली तर गल्लीतली कुत्री उठली. म्हातारीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "चेहरा माह्या पोट्ट्याचा हाय. आवाज कोनाचा घेऊन आला रे?" वहिनीनं हसून हसून खालीच बसकण मारली. "याडी, हा तं आपला वरडनारा," ती म्हणाली. "गानी याचीच होती व."

पुढे मी शिक्षिका झाले, यवतमाळला नोकरी लागली, आणि पहिली मोठी खरेदी केली ती वहिनीसाठी ट्रान्झिस्टरची. तोवर पांढरकवड्यात पक्कं टॉकीज झालं होतं, मैदानातला तंबू यायचा बंद झाला होता, आणि वहिनीचा ओटा सुना पडला होता. ट्रान्झिस्टर तिनं लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांत घेतला. मग रेडिओच्या लायसनचं पुस्तक बघून विचारात पडली.

"हे काय?"

"लायसन. पोस्टात भरून आले मी. दरसाल भरा लागते."

"गानं ऐकाचं लायसन?" तिला ते पटेचना. "हवेतून येते न थे? हवेत कोनाचं काय हाय?" बराच वेळ तिनं ते पुस्तक उलटसुलट केलं. मग म्हणाली, "एका घरानं ऐकाले एवढं कशाले भराचं, कुसुमबाई? वाया जाते थे." आणि ट्रान्झिस्टर उचलून मागच्या गडग्यावर नेऊन ठेवला, तोंड गल्लीकडे करून. ज्या भिंतीवरून इतकी वर्षं बाहेरचं गाणं आत घेतलं, तिच्यावरूनच आता घरातलं बाहेर जाऊ लागलं. संध्याकाळी बायका आपापली कामं घेऊन पुन्हा ओट्यावर आल्या, काही गल्लीतच बसल्या. जिनवरून सुटणारे मजूर गडग्याशी उभे राहून एखादं गाणं ऐकून पुढे जात. फुकट ऐकण्यात जिचा जन्म गेला, तिनं सगळ्या गल्लीला फुकट ऐकवलं. मला तिचा फार अभिमान वाटतो. तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, आता इथे सांगते.

दिवाळीत भाऊबीजेला गेले तीच शेवटची भेट. छातीच्या दुखण्यानं ती अगदी वाळली होती. परसात बाज टाकून पडलेली, दोन वाक्यं बोलली की धाप लागे. ट्रान्झिस्टर गडग्यावर, त्याची पाठ आमच्याकडे. मी उठून तो तिच्या उशाशी आणला. तिनं मानेनंच नाही म्हटलं. "तिकडंच राहू द्या... मले येते ऐकू." मी परत नेऊन ठेवला. तेव्हा गल्लीत सक्रीयाडी बसलेली दिसली, खूप थकलेली, एक कान भिंतीकडे करून.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. संध्याकाळी मी, दादा आणि माय परसात बसलो होतो. ओटा रिकामा होता. शेजारच्या बायका दुःखाचं घर म्हणून आल्या नव्हत्या. ट्रान्झिस्टर आतल्या कोनाड्यात, कापडाखाली झाकलेला. गडग्यावर हात टेकत याडी तेवढी आली, नेहमीच्या जागी गल्लीत बसली. काही वाजत नव्हतं तरी बसूनच राहिली.

दादा उठला. आत गेला, कापड काढलं, ट्रान्झिस्टर घेऊन बाहेर आला. माय म्हणाली, "अरे, वरीसभर घरात गानं वाजवू नये." तिचा आवाज कडक नव्हता, नुसती रीत सांगावी तसा होता.

दादानं तो गडग्यावर ठेवला. तोंड गल्लीकडे केलं, थोडं डावीकडे, याडी बसली होती तिकडे. आयुष्यात बायकोसारखं बोलायचा त्यानं कधी प्रयत्न केला नव्हता, त्या दिवशी केला. "घरात वाजवू नये म्हंतात न, माय? हे घरात कुठं हाय? गडग्यावर हाय."

बटन फिरवलं. कुठलं तरी गाणं अर्ध्यावर आलेलं होतं. मायनं भिंतीकडे पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "मंग आवाज जरासा मोठा कर. सक्रीले आता कमी ऐकू येते."